विश्लेषण : पक्षप्रमुख निवडणाऱ्या ‘प्रतिनिधीं’ची यादी कुणाच्या कपाटात?

शिवसेना फुटली तेव्हा आमदार मोजले गेले, संघटना मोजता आली नाही. पक्षाची घटना आणि प्रतिनिधींची यादी हे दोन कागद वेळेवर आणि उघडपणे ठेवले नाहीत तर काय होतं, त्याची ही गोष्ट.

दिल्लीत निर्णय व्हायचा आणि त्याची धावपळ इथे करायची, हे दौलताबादला नवं नाही. महंमद तुघलकाने तर १३२७ च्या सुमारास राजधानीच या किल्ल्याच्या पायथ्याशी आणली होती. अलीकडचा असा निर्णय १७ फेब्रुवारी २०२३ चा. त्या दिवशी केंद्रीय निवडणूक आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं आणि गावोगावच्या शिवसैनिकांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. शाखा तीच, माणसं तीच, पण पक्ष कुठला?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हा प्रश्न जास्तच टोचला. मुंबई-ठाण्याबाहेर शिवसेना जिथे सर्वांत खोल रुजली, त्यात या जिल्ह्याचा नंबर वरचा. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातल्या नऊपैकी सहा जागा शिवसेनेने जिंकल्या. जून २०२२ मध्ये त्या सहापैकी पाच आमदार शिंदेंबरोबर गेले : संजय शिरसाट, संदिपान भुमरे, अब्दुल सत्तार, प्रदीप जैस्वाल आणि रमेश बोरनारे. कन्नडचे उदयसिंग राजपूत तेवढे ठाकरेंसोबत राहिले. अपात्रतेची पहिली याचिका ज्या १६ आमदारांविरुद्ध झाली, त्यात या एका जिल्ह्यातले चार होते.

दौलताबादसारख्या गावातला एखादा जुना शाखाप्रमुख डोळ्यांसमोर आणा. आमदार गेले, हे त्याला टीव्हीवर कळलं. पक्ष कुणाचा, हेही टीव्हीवरच कळलं. ‘तुझं मत काय’ हे त्याला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. नियमाप्रमाणे विचारायला हवं होतं का? आणि त्याच्या वतीने बोलणारा, पक्षाच्या भाषेत ज्याला ‘प्रतिनिधी’ म्हणतात, तो नेमका कोण?

प्रतिनिधी म्हणजे कोण?

कोणत्याही मोठ्या पक्षात प्रत्येक सदस्य थेट अध्यक्ष निवडत नाही. सदस्य खालच्या पातळीवर कुणाला तरी निवडतात, ते वरच्यांना निवडतात आणि त्यातून तयार झालेला गट अध्यक्ष ठरवतो. काँग्रेसमध्ये या गटात प्रदेश काँग्रेस समित्यांचे प्रतिनिधी असतात. भाजपमध्ये राष्ट्रीय परिषद आणि प्रदेश परिषदांच्या सदस्यांचं मतदारमंडळ असतं. शिवसेनेच्या घटनेत याला ‘प्रतिनिधी सभा’ म्हटलं आहे. खासदार, आमदार, जिल्हाप्रमुख, मुंबईतले विभागप्रमुख अशा लोकांची ही सभा.

कागदावर हे ठीक दिसतं. अडचण अशी, की शिवसेनेत जिल्हाप्रमुख निवडून येत नाही, त्याला नेमलं जातं, आणि ते ‘मातोश्री’वरून. म्हणजे ज्याने प्रमुख निवडायचा त्याची नेमणूकच प्रमुखाने करायची. बाळासाहेबांच्या काळात हे कुणाला खटकलं नाही, कारण तिथे निवडणूक हा विषयच नव्हता. बाळासाहेब हेच उत्तर होतं आणि शिवसैनिकांना ते मान्य होतं. पुढे हा मामला कोर्टकचेरीत जाईल आणि तिथे कुणी घटनेची प्रत मागेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

आयोगाने काय मोजलं?

पक्षात दोन तट पडले आणि दोघेही ‘खरा पक्ष आमचा’ म्हणू लागले, की निवडणूक आयोग तीन कसोट्या लावतो. पक्षाची ध्येयधोरणं कोण पाळतो, पक्षाच्या घटनेप्रमाणे कोण वागतो आणि बहुमत कुणाकडे आहे. बहुमत दोन ठिकाणी पाहायचं असतं, विधिमंडळ पक्षात आणि संघटनेत. या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७१ च्या सादिक अली निकालातून आल्या आहेत.

शिवसेनेच्या प्रकरणात पहिल्या कसोटीवर फरक दिसेना, कारण दोघेही बाळासाहेबांचंच नाव घेत होते. दुसरी कसोटी आयोगाने बाजूला ठेवली. त्याचं कारण महत्त्वाचं आहे. २०१८ मध्ये बदललेली घटना लोकशाहीला धरून नाही, असं आयोगाने म्हटलं. पक्षप्रमुखाने माणसं नेमायची आणि त्याच माणसांनी पक्षप्रमुख निवडायचा, अशा रचनेवर विसंबून पक्ष कुणाचा हे ठरवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. संघटनेतल्या बहुमताबद्दल दोन्ही बाजूंनी शपथपत्रांचे गठ्ठे दिले होते. त्यातूनही समाधानकारक आकडा निघाला नाही.

मग उरलं काय? आमदार आणि खासदार. ५५ पैकी ४० आमदार शिंदेंकडे. विजयी आमदारांना २०१९ मध्ये मिळालेल्या एकूण मतांपैकी सुमारे ७६ टक्के मतं या ४० जणांची. १८ पैकी १३ खासदार, त्यांची मतं सुमारे ७३ टक्के. निकाल तिथेच लागला.

यात एक गोम आहे. ही मतं २०१९ ची. तेव्हा पैठणच्या किंवा वैजापूरच्या मतदाराने युतीतल्या एकसंध शिवसेनेच्या उमेदवाराला मत दिलं होतं. शिंदे की ठाकरे, असा प्रश्न त्या मतपत्रिकेवर नव्हताच. तरी तीन वर्षांनी ती मतं एका बाजूच्या खात्यात जमा झाली. संघटना मोजता आली असती, तर एवढा भार आमदारांच्या आकड्यावर पडला नसता. ती मोजता आली नाही याचा मोठा दोष, स्पष्टच सांगायचं तर, त्या वेळी पक्ष ज्यांच्या हातात होता त्या ठाकरे नेतृत्वाकडे जातो. पण त्या व्यवस्थेतून नेतेपद आणि उमेदवारी घेऊन पुढे तिच्याविरुद्ध बोट दाखवणारेही त्यातून सुटत नाहीत.

१९९९ ची घटना की २०१८ ची?

आयोगानंतर हेच प्रकरण विधानसभा अध्यक्षांकडे आलं. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष एक नव्हेत, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी फुटीपूर्वीची पक्षघटना पाहून करावा. पण फुटीपूर्वीची म्हणजे कोणती?

राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ ला निर्णय दिला. आयोगाच्या दप्तरी १९९९ चीच घटना आहे, २०१८ ची दुरुस्ती तिथे नाही, म्हणून १९९९ ची ग्राह्य, असं त्यांनी धरलं. त्या घटनेत राष्ट्रीय कार्यकारिणीला वजन होतं. एकट्या प्रमुखाला कुणालाही पक्षातून काढण्याचा अधिकार नव्हता. त्यामुळे शिंदेंना नेतेपदावरून दूर करणं अध्यक्षांनी मान्य केलं नाही. शिंदे गट हाच खरा पक्ष ठरला आणि अपात्र मात्र कुणीच झालं नाही, ना इकडचे ना तिकडचे.

ठाकरे गटाने सहाच दिवसांनी, १६ जानेवारीला, मुंबईत वरळीला मोठी पत्रकार परिषद घेतली आणि २०१३ व २०१८ च्या बैठकांच्या चित्रफिती दाखवल्या. घटना बदलली तेव्हा हे सगळे हजर होते, कागद आयोगाकडे पोचवले होते, असा त्यांचा दावा. त्यातली एक बाब विरोधकांनाही नाकारता येणार नाही. २०१८ च्या ज्या बैठकीत उद्धव ठाकरे पुन्हा पक्षप्रमुख झाले, त्याच वेळी एकनाथ शिंदे यांना ‘नेते’पद मिळालं होतं. म्हणजे ती घटना चालत होती तेव्हा सगळ्यांनाच चालत होती. आयोगाचा निर्णय काय किंवा अध्यक्षांचा काय, दोन्हींविरुद्ध ठाकरे गट सर्वोच्च न्यायालयात गेला.

राष्ट्रवादीचं वेगळं घडलं नाही. ६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगाने पक्ष अजित पवारांना दिला, तोही आमदार-खासदारांच्या बहुमतावरच. दोन्ही बाजू एकमेकांच्या संघटनात्मक निवडणुका खोट्या ठरवत होत्या.

एकदा मोजता आलं होतं

१९६९ मध्ये काँग्रेस फुटली. एका बाजूला इंदिरा गांधी आणि जगजीवनराम, दुसरीकडे निजलिंगप्पा आणि संघटनेचे मातब्बर. वाद आयोगासमोर गेला, तेव्हा खासदार-आमदारांबरोबरच अखिल भारतीय काँग्रेस समितीचे सदस्य आणि अधिवेशनाचे प्रतिनिधी किती कुणाकडे, हेही तपासलं गेलं. दोन्हीकडे बहुमत इंदिरा गांधींच्या बाजूचं निघालं. ते पटो न पटो, मोजण्यासाठी एक यादी होती आणि ती कुठून आली हे माहीत होतं.

काँग्रेसकडे ती यादी होती, कारण पक्षाने त्यासाठी फार मोठी किंमत आधीच मोजली होती. ती गोष्ट थेट महाराष्ट्राची आहे.

१९०७ चं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. अध्यक्ष कोण, यावर मवाळ आणि जहाल भिडले. नागपूरकर जहालांना टिळक हवे होते. अध्यक्षाचं नाव स्वागत समितीने ठरवायचं, तेही तीन चतुर्थांश बहुमताने, अशी तेव्हाची रीत. साहजिकच स्वागत समितीत कुणाचे किती सदस्य, यावरून जुंपली आणि बैठक उधळली. मवाळांनी अधिवेशनच नागपूरहून सुरतेला नेलं. तिथे अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांचं नाव पुढे आलं. २७ डिसेंबरला टिळक व्यासपीठावर बोलायला गेले, त्यांना परवानगी नाकारली गेली, मंडपात खुर्च्या उडाल्या आणि तो प्रसिद्ध जोडा फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागला. शाळेच्या पुस्तकात सुरत म्हटलं की हा जोडा येतो. स्वागत समितीतल्या सदस्यसंख्येचं भांडण मात्र येत नाही, आणि सुरुवात तर तिथूनच झाली होती.

पुढची खेळी जास्त शांत आणि जास्त परिणामकारक होती. १९०८ मध्ये अलाहाबादला काँग्रेसची घटना तयार झाली. प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क फक्त मान्यताप्राप्त समित्या आणि संस्थांना मिळाला. एवढ्या एका कलमाने टिळकपक्ष दाराबाहेर गेला. १९१५ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात ते कलम सैल केलं, तेव्हा १९१६ ला लखनौमध्ये टिळक परत आले. १९२० च्या नागपूर अधिवेशनात हे सगळंच नव्याने मांडलं गेलं. चार आणे वर्गणी, भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या आणि ५० हजार लोकसंख्येमागे जास्तीत जास्त एक प्रतिनिधी. आज ‘प्रतिनिधी’ या शब्दाला काही हिशेब आहे तो तिथून.

बारा मतांचा फरक

हिशेब असला की भांडण संपतं असं नाही. १९५० मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी तिघे उभे होते. पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव. टंडन यांना १,३०६ मतं, कृपलानींना १,०९२, देवांना २०२. बेरीज करून पाहा, टंडन यांची मतं बाकी दोघांच्या एकत्रित मतांपेक्षा फक्त बाराने जास्त. निम्म्याची रेषा त्यांनी सहा मतांनी ओलांडली. बोगस सदस्य नोंदणीच्या तक्रारी तेव्हाही होत्या, आणि फरक इतका थोडा असताना एखाद्या जिल्ह्याची यादी इकडची तिकडे झाली असती तरी चित्र बदललं असतं. टंडन नेहरूंना नको होते. तरी निकाल मानला गेला आणि त्याच सप्टेंबरात नाशिकच्या अधिवेशनात टंडन अध्यक्ष म्हणून बसले. वर्षभरात नेहरूंशी न जमल्याने त्यांनी राजीनामा दिला, हा पुढचा भाग.

नंतर काँग्रेसमध्ये अशा लढती दुर्मीळ होत गेल्या. १९९७ मध्ये शरद पवार उभे राहिले. सीताराम केसरींना ६,२२४, पवारांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मतं. महाराष्ट्राच्या सर्वांत वजनदार नेत्याला हजारही प्रतिनिधी मिळाले नाहीत. पक्षाचं यंत्र ज्याच्या हाती असतं, त्याच्याविरुद्ध प्रतिनिधी किती चालतात, याचा हा आकडा.

२०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे आणि शशी थरूर यांच्यात लढत झाली, तेव्हा मतदानापूर्वीच वाद पेटला तो यादीवरून. मतदार प्रतिनिधी नऊ हजारांहून जास्त, पण ते कोण हे जाहीर करायला पक्ष तयार नव्हता. थरूर, मनीष तिवारी, कार्ती चिदंबरम यांच्यासह पाच खासदारांनी निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांना पत्र लिहिलं. उमेदवाराला यादी पाहता येईल, इथवर पक्ष आला, सगळ्यांसाठी ती खुली मात्र केली नाही. हाती आलेल्या यादीत अनेकांचे फोन नंबरच नाहीत, अशी थरूर यांची तक्रार होती. मतदानानंतर उत्तर प्रदेशातल्या गैरप्रकारांचीही तक्रार झाली. निकालात खर्गे ७,८९७, थरूर १,०७२, बाद ४१६. फरक एवढा मोठा होता की तक्रारी आपोआप विरल्या. १९५० सारखा बारा मतांचा फरक असता तर?

आणि तरीही, निदान मतदान तरी झालं. भाजपच्या राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी प्रत्यक्ष मतपत्रिका छापण्याची वेळच आलेली नाही, निवड बिनविरोधच होते. नितीन गडकरी यांना दुसऱ्यांदा अध्यक्ष होता यावं म्हणून २०१२ मध्ये पक्षाने घटना बदलली आणि २०१३ च्या जानेवारीत गडकरी शर्यतीतून बाहेरही पडले. नियम राहिला, ज्यांच्यासाठी केला ते गेले.

अमेरिकेत हे कसं मिटतं?

मिटतं असं नाही, पण भांडण दिसतं. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन अटीतटीने लढत होते. मिशिगन आणि फ्लोरिडा या दोन राज्यांनी पक्षाचं वेळापत्रक मोडून जानेवारीतच मतदान घेतलं. शिक्षा म्हणून पक्षाने दोन्ही राज्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले. ओबामांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून आपलं नाव काढून घेतलं, क्लिंटन यांनी ठेवलं. पुढे लढत चुरशीची झाली आणि क्लिंटन गट म्हणू लागला, की लाखो मतदारांनी मतं दिलीत, ती मोजा.

३१ मे २००८ ला वॉशिंग्टनमध्ये पक्षाच्या नियम समितीची बैठक झाली. टीव्हीवर थेट, दिवसभर. निर्णय असा झाला, की दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी बसतील, पण प्रत्येकाचं मत अर्धं. मिशिगनमध्ये ज्यांनी ‘कुणीच नाही’ या अर्थाचं मत दिलं होतं, तो वाटा ओबामांकडे गेला. सभागृहात आरडाओरडा झाला. तीन दिवसांत ओबामांनी आवश्यक आकडा गाठला आणि ऑगस्टच्या अधिवेशनात, लढत संपल्यावर, दोन्ही राज्यांना पूर्ण मतं परत मिळाली.

हे काही आदर्श नव्हे. नियम समितीतही पक्षाचेच मुरलेले लोक होते आणि मनाप्रमाणे मत देऊ शकणाऱ्या ‘सुपर डेलिगेट’ पुढाऱ्यांवर इतकी टीका झाली, की २०१८ मध्ये पक्षाने त्यांचा चुरशीच्या लढतीतला पहिल्या फेरीचा हक्क काढला. पण फरक वेळेचा आहे. तिथे नियमांचं भांडण उमेदवार ठरण्यापूर्वी झालं आणि पक्षाच्याच समितीत झालं. महाराष्ट्रात ते सरकार पडल्यावर झालं, आणि तेही आयोगात, विधान भवनात आणि न्यायालयात. तोवर शाखाप्रमुखाच्या हातात काही उरलं नव्हतं.

कायदा काय सांगतो?

फार थोडं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९-अ पक्षाच्या नोंदणीपुरतं बोलतं. घटनेची प्रत द्या, संविधानाशी निष्ठा राखण्याची हमी द्या, एवढं. पक्षांतर्गत निवडणुका घ्या, असा आग्रह आयोग धरतो. पण एखाद्या पक्षाने स्वतःची घटना मोडली म्हणून त्याची नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं आहे. विधी आयोगाने १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करण्याची शिफारस केली. संसदेत ती मंजूर करायची कुणी? ज्या पक्षांना ती लागू होणार, त्यांनीच. त्यामुळे ती कपाटातच आहे.

शिवसेनेच्या निकालात आयोगाने सगळ्याच पक्षांना एक सल्ला दिला होता. पक्षाची घटना, पदाधिकाऱ्यांची यादी आणि अंतर्गत निवडणुकांचा तपशील आपल्या संकेतस्थळावर ठेवा. सल्लाच तो, बंधन नव्हे. पण अंमलात आणायला खर्च शून्य आहे आणि कायद्याची वाटही पाहावी लागत नाही. अध्यक्षपदाच्या निवडणुकीची तारीख जाहीर होण्यापूर्वी प्रतिनिधींची यादी, त्यातला कोण निवडून आला आणि कोण नेमला गेला या खुणेसह, सदस्यांना मोबाइलवर दिसली, तर पुढच्या फुटीत कुणाला शपथपत्रांचे गठ्ठे वाहावे लागणार नाहीत. आक्षेप आधी येतील, निकाल नंतर. सत्तेतल्या आणि विरोधातल्या, दोन्ही शिवसेनांना हे आज करता येईल. दोघांनाही त्याची गरज आहे, कारण उद्या फुटणारा गट कुठल्या बाजूचा असेल हे कुणी सांगावं?

तोवर दौलताबादच्या शाखाप्रमुखाला दोन गोष्टी करता येतील. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पक्षांच्या घटना पाहायला मिळतात, त्यातली आपल्या पक्षाची उघडून वाचायची. आणि जिल्ह्यातून अध्यक्षाच्या निवडीत मत देणारे कोण, त्यांची नावं जिल्हाप्रमुखाकडे लेखी मागायची.